सायमान

यंत्राला माणूस कळत नव्हता. त्याला फक्त साय कळायची.

तासगावच्या चाचणी केंद्रात ते येऊन चार वर्षं झाली होती. शिवणयंत्राएवढं पांढरं खोकं. रात्री ते थंड पडून असायचं, म्हणून रोज सकाळी पहिली नळी बिननावाची घालायची अशी तिथली रीत होती. कुणाचंही ताजं रक्त चालायचं. आकडा पडद्यावर उमटायचा, यंत्र ठिकाणावर आहे एवढं कळायचं, आणि आकडा पुसून जायचा. त्याची नोंद कुठंच राहायची नाही. केंद्रातली माणसं त्या नळीला ‘पारोशी’ म्हणायची. कधी शिपायाचं रक्त पारोशीत जायचं, कधी समोरच्या चहावाल्याचं. वैजयंता झांबरेनं बावीस वर्षं लोकांच्या शिरा शोधण्यात घालवली होती, पण आपलं रक्त तिनं त्या यंत्रात कधी घातलं नव्हतं. नवरा द्राक्षबागेत वेलीच्या बुंध्याशी बसला आणि बसल्या जागी गेला, तेव्हापासून तिला छातीच्या कुठल्याही आकड्याचं भय होतं.

त्या मंगळवारी सकाळी खुर्चीवर बसला होता तिचा लेक, प्रणीत. सत्तावीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, बागांवर ड्रोननं फवारणी करणारा.

“आई, हळू. तू जगाची सुईबाई आणि पोराला टोचताना घाबरतेस.”

“गप बस. मूठ आवळ.”

“नवऱ्या मुलाचं रक्त आहे म्हटलं, सांडू नकोस. सावळजला एक जण हक्क सांगायला बसलीय त्याच्यावर.”

“बसू दे. मी आधी बसलेय.”

तो हसला. बाही खाली ओढून, कापसाचा बोळा कोपरात दाबून, शीळ घालत निघून गेला. वैजयंताच्या हातात दोन नळ्या उरल्या. एकीवर त्याचं नाव होतं. दुसरी कोरी होती. सगळ्या जगाच्या आधी आपल्याला कळावं, एवढ्यासाठीच तिनं ती भरून घेतली होती. तिनं कोरी नळी यंत्रात घातली.

पडद्यावर अकरा उमटले.

तिनं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. नळीतलं उरलेलं रक्त घातलं. अकरा. मग समोरच्या चहावाल्याला हाक मारली, त्याचं घेतलं. सत्तावन्न. कालही त्याचे सत्तावन्नच होते.

यंत्र ठिकाणावर होतं.

हृदयाला रक्त नेणाऱ्या धमन्या बोरूएवढ्या बारीक. त्यांच्या आतल्या अंगाला चरबीचे थर बसत जातात, आणि तापलेलं दूध निवताना जशी साय धरतं, तशी प्रत्येक थरावर एक साय धरते. ती दाट असली तर माणूस आतली चरबी घेऊन नव्वदीपर्यंत चालत जातो. ती विरली आणि फाटली, तर आतली चरबी वाहत्या रक्ताला भेटते, जागच्या जागी गुठळी होते, आणि हृदयाच्या तेवढ्या वाफ्याचं पाणी तुटतं. जुन्या चाचण्या रक्तात चरबी किती ते सांगायच्या. नाहीतर झटका येऊन गेल्यावर हृदयातलं काय रक्तात सांडलं ते सांगायच्या, म्हणजे घर जळाल्यावर राख मोजायची. साय कधी फाटेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की विरत चाललेली साय आपले कण रक्तात सोडत असते, इतके थोडे की तळ्यात चिमूटभर हळद. ते कण मोजणारं यंत्र निघालं. शंभरांतला आकडा. साठाच्या वर निर्धास्त. विसाच्या खाली तांबडी रेघ. अकरा म्हणजे दहांतल्या आठ माणसांची साय तीन ते सहा आठवड्यांत फाटणार.

चाचणीचं शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. लोकांनी तिला सायमान म्हटलं आणि बघता बघता ते घरोघरी रुळलं. बाजारात भेटलेली माणसं ‘बरं आहे का’ विचारण्याऐवजी ‘साय किती?’ विचारू लागली. एसटी चालवायची, टॉवरवर चढायचं, विहिरीत उतरायचं, तर आधी सायमान. आणि लग्न जमवायचं तर सगळ्यात आधी. नाडी, गण, मंगळ मागच्या पानावर गेले.

औषध नव्हतं असं नाही. साय दाट करणारी सुई निघाली होती. पण ती थोडीच तयार व्हायची, म्हणून सरकारी नोंदीवरूनच मिळायची. तांबड्या रेघेखालच्या माणसाला यंत्रच बोलावणं धाडायचं. आठवड्याच्या आत पहिली सुई, मग वर्षभर दर महिन्याला एक. मध्ये सोडली की साय पुन्हा विरायची. नोंदीत ज्याचा आकडा चांगला, त्याला ती सुई कितीही पैसे मोजून मिळत नव्हती.

हे सगळं वैजयंताला पाठ होतं. ती रोज लोकांना समजावून सांगायची.

आणि तरीही ती मागच्या खोलीत गेली, दार लोटलं, त्याच्या नावाची नळी टाकाऊ डब्यात टाकली, दाताखाली रबरी पट्टा धरून आपल्याच दंडाला आवळला आणि प्रणीतचं नाव लिहिलेली एक नवी नळी आपल्या रक्तानं भरली.

का भरली? त्या क्षणी तिला कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. प्रणीतचं एक स्थळ दोन वर्षांमागं मोडलं होतं, ते आकडा न विचारताच, बाप एकेचाळिसाव्या वर्षी गेला एवढ्याच कारणावर. काही घराण्यांच्या रक्तात जन्मतःच एक चिकट चरबी असते, ती पथ्यानं उतरत नाही आणि धावण्यानं झडत नाही, हे आता पोराटोरांनाही माहीत होतं. स्थळ मोडल्यावर तो सहा महिने नीट जेवला नव्हता. मग स्वराली भेटली आणि घरात पुन्हा शीळ ऐकू येऊ लागली. लग्नाला चोवीस दिवस होते. आकडा त्याला सांगितला, तर तो तडक सावळजला जाऊन सांगून येईल. तसाच होता तो. चोवीस दिवस जाऊ देत, मग डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवू, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

पण त्याच्याही खाली एक जुनी गोष्ट होती. तान्ह्या लेकरावरून हात ओवाळून, बोटं कानशिलावर कडाकडा मोडून, तिच्या आईनं, तिच्या सासूनं, आणि तिनं स्वतःही हजारदा म्हटलं होतं, ‘माझं आयुष्य तुला लागो.’ म्हणताना खरोखर द्यायची वेळ कुणावर आली नव्हती. आज नळी हातात होती.

दुपारी नोंदीत आकडा चढला. प्रणीत झांबरे, चौऱ्याऐंशी.

शिपाई पेढे मागत आला. वैजयंता पडद्याकडे बघत राहिली. चौऱ्याऐंशी म्हणजे तीस वर्षं कुठं गेली नाहीत. तीस वर्षं, आणि ती तिची होती. इतकी वर्षं ज्या आकड्याचं भय बाळगलं, तो आकडा असा दगडासारखा टणक निघाला, आणि तिला पहिल्यांदा कळलं की भय कशाचं धरायला हवं होतं.

*

“काय ओ विहीणबाई, तोंड का उतरलंय? पोरगं चौऱ्याऐंशी आणि तुम्ही चौदा?”

स्वरालीचे वडील हणमंतराव पोळ, गडगडाटी माणूस, लेकीला घेऊन घरी आले होते. त्यांचं स्वतःचं सायमान गेल्या वर्षी एकोणीस निघालं होतं. यंत्रानं बोलावून घेतलं, आठ सुया झाल्या, आता एकतीस होतं. त्या यंत्रावर त्यांची देवाइतकी श्रद्धा.

“तसं नाही. कामाचा शीण.”

“सोडा आता काम. मी सांगू का, मला बाकी काय बी नको होतं. हुंडा नको, मानपान नको. फक्त आकडा दाखवा म्हटलं. का? तर माझी पोरगी मी उघड्यावर टाकणार नाही. आकडा बघितला आणि त्या रात्री गाढ झोपलो बघा.”

“बाबा, पुरे की,” स्वराली म्हणाली. ती सावळजच्या शाळेत शिकवायची. बोलणं कमी, पण मान तिरकी करून समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची. जाताना ती वैजयंताजवळ थांबली. “आई, हळद दळताना फोन चालू ठेवाल? तुमच्या ओव्या ऐकायच्यात मला. प्रणीत म्हणतो, तुमच्यासारख्या कुणालाच येत नाहीत.”

आई. मुलीच्या आवाजात हा शब्द वैजयंताला आजवर कुणी दिला नव्हता.

“ठेवीन गं,” ती म्हणाली.

*

मग केळवणं सुरू झाली. आज या घरी, उद्या त्या घरी. पहिलं केळवण प्रणीतच्या आत्याकडे. सिंधू वन्संनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि वैजयंतानं मध्येच हात घातला.

“वन्सं, बस. बास झालं.”

“अगं, तूप वाढतेय मी, विष नव्हं! लग्नाच्या पोराला कोरडी पोळी घालू?”

“त्याला सोसत नाही.”

“आत्या, तू घाल,” प्रणीतनं ताट पुढं केलं. “चौऱ्याऐंशीवाला आहे मी. जिल्ह्यात असा आकडा नाही.”

सगळे हसले. धार पडत राहिली. वैजयंता तिच्याकडे बघत राहिली, जणू ती धार लेकाच्या पोळीवर नाही, आणखी आत कुठंतरी पडत होती.

घरी ती रोज सकाळी एक पांढरी गोळी कुटून त्याच्या चहात घालायची, रक्त पातळ ठेवणारी. त्याला जिना चढू द्यायची नाही. मित्रांनी वरातीत नाचायचा सराव लावला तर जाऊन स्पीकरची वायर काढून आली. गल्लीत बोललं जाऊ लागलं की सून येण्याआधीच झांबरेबाईला पोरगं सोडवेना.

“आई, तुझं काय चाललंय?” एकदा तो चिडला. “मी लहान आहे का? परवा डाव्या दंडाला जरा कळ आली, तर तू असं बघितलंस, जसं काय मी मेलो.”

“कळ आली? कधी? किती वेळ?”

“ड्रोनची बॅटरी उचलून आली असेल! अगं, आकडा बघितलायस ना तूच?”

बघितला होता. तिनंच बघितला होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या डॉक्टर मुजावरांपुढं उभी राहिली. डॉक्टर वयानं तिच्याहून धाकट्या, पण तिला मान देऊन वागायच्या.

“मॅडम, अकरा असलेल्या माणसानं लग्नकार्यापुरतं थांबलं तर चालतं का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “एक दिवससुद्धा नाही. कोण आहे?”

“ओळखीतलं. दंडाला कळ येते म्हणतंय.”

“वैजयंताताई, कळ यायला लागली म्हणजे साय फाटायला आलीय. त्याला आत्ता घेऊन या. पहिली सुई आठव्या दिवशी लागू पडते, तोवर दवाखान्यात झोपवून ठेवू. नाव काय?”

“नोंद… नोंदीत चूक असली तर?”

“तर चूकदुरुस्तीचा कागद भरायचा. नळी कुणी बदलली, का बदलली, ते लिहायचं, मी सही करते, यंत्र पुन्हा रक्त घेतं. तुम्हीच तर भरता ते कागद. नाव काय म्हणालात?”

जिभेच्या टोकावर नाव होतं. बारशाला तिनंच ठेवलेलं, तीन अक्षरी. ते उच्चारलं की दवाखाना होता. आणि सावळजचं दार बंद होतं, पोळांचा गडगडाट होता, ‘आई’ म्हणणारी ती तिरकी मान कायमची सरळ होणार होती. अजून अकरा दिवस. फक्त अकरा.

“विचारून सांगते,” ती म्हणाली.

*

हळद दळायचा दिवस उजाडला. लग्नाला पाच दिवस राहिले होते. अंगणात जातं मांडलं, खुंट्याला आंब्याची डहाळी बांधली. जात्यावर पहिल्यानं सवाशिणींनी बसायचं असतं, पण प्रणीतनं ऐकलं नव्हतं. ‘आईचा हात लागल्याशिवाय माझ्या हळदीला रंग यायचा नाही,’ म्हणून त्यानं स्वतः तिला हाताला धरून पाटावर बसवलं आणि फोन जात्याशेजारी उभा करून ठेवला. फोनमध्ये स्वराली होती, मान तिरकी.

“आई, ऐकतेय हं मी.”

तेवढ्यात प्रणीतचा मित्र मोटारसायकलवरून ओरडत आला. “प्रण्या, आभाळ आलंय! शेडवर ताडपत्र्या नाहीत!”

मणेराजुरीच्या रस्त्याला प्रणीतची भागीतली बेदाण्याची शेड होती. जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली होती, आठ दिवसांत बेदाणा उतरला असता. त्यावर वळवाचं पाणी पडलं, तर सगळं काळं पडून सडतं.

“प्रणीत, तू जाऊ नको.” वैजयंता अर्धी उठली. “दुसऱ्या कुणाला पाठव.”

“आलोच अर्ध्या तासात. तू म्हण गं ओवी, मी येईस्तोवर संपवू नको.” आणि तो गेलासुद्धा.

बायका गोळा झाल्या होत्या. सिंधू वन्संनी दुसऱ्या बाजूनं खुंटा धरला. जातं फिरलं. पिवळी धूळ पाळीवर झरू लागली. वैजयंतानं डोळे मिटले.

हळकुंड फुटलं / जात्याच्या गं दातावरी
लेक माझा नवरदेव / ऊन सांडे माथ्यावरी

आवाज तिचा होता, पण मन रस्त्यावर होतं. ताडपत्री ओली नसली तरी जड असते. शेडला शिडी आहे. शिडीला बारा पायऱ्या आहेत. ओव्या एकीतून एक निघत होत्या, जशा तिच्या आईच्या निघायच्या, विचार न करता.

माझ्या वयातलं / वय देते मी काढून
पाच वर्सं आधी / पाच मागून…

‘वाढून’ म्हणायचं होतं. हात खुंट्यावर थांबला. जातं थांबलं.

काही वाढलं नव्हतं तिनं. त्याच्या ताटातलं काढून घेतलं होतं. आपलं वय त्याच्या नावावर लिहिलं आणि त्याची सुई त्याच्यापासून तोडली. एकोणीस दिवस ती हे जाणून होती आणि तरी ते पहिल्यांदाच तिच्यासमोर असं उभं राहिलं, दिवसाउजेडी, हळदीच्या पाटासमोर.

“आई? आवाज येईना,” फोनमधून स्वराली म्हणाली.

वैजयंता पाटावरून उठली. हळदीचे हात तसेच. “अगं, कुठं निघालीस? ओवी अर्धी टाकू नये,” वन्सं म्हणाल्या. ती चपला न घालता रस्त्यावर गेली, भेटली ती रिक्षा थांबवली. लग्न मोडो. नोकरी जावो. त्याला आत्ता, या घडीला उचलून डॉक्टर मुजावरांपुढं न्यायचं.

ती पोचली तेव्हा आभाळ तसंच होतं, पाऊस पडलाच नव्हता. ताडपत्र्या घालून झाल्या होत्या. पोरं पाणी पीत होती. प्रणीत जाळ्यांच्या खांबाला टेकून जमिनीवर बसला होता, पाय पसरून. त्याचा बाप असाच बसला होता.

“अगं, तू कशाला आलीस अनवाणी?” त्याच्या कपाळावर घामाचे मोठे थेंब होते आणि ओठ मातीच्या रंगाचे. “जरा छातीत धरल्यासारखं झालंय. पित्त असेल.”

“उठ. दवाखान्यात चल. गाडी काढा रे!” पोरं गाडीकडे पळाली.

“घाबरू नकोस गं. माझी साय चौऱ्याऐंशी आहे.”

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याचा चेहरा हातांत धरला. गालांवर हळद लागली.

“तो आकडा माझा आहे, बाळा. रक्त माझं होतं. तुझे अकरा आहेत.”

तो बघत राहिला. ऐकू गेलं की नाही, असं तिला वाटलं. मग त्याचे डोळे तिच्या कोपराच्या आतल्या बाजूकडे गेले, जिथं तिनं स्वतःला टोचल्याचा हिरवट डाग अजून पुसट दिसत होता.

“चौऱ्याऐंशी तुझे?”

“हो रे.”

“बरं झालं,” तो म्हणाला.

एवढंच. गाडीत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दवाखान्याचं फाटक दिसू लागलं तेव्हा तिनं नाडीवर ठेवलेल्या बोटांना काहीच लागेना. बावीस वर्षं शिरा शोधणाऱ्या बोटांना ती एक शीर सापडेना.

*

चौऱ्याऐंशीवाला पोरगा गेला. ही बातमी तालुक्यात पसरायला एक दिवस लागला.

कुणी वैजयंताला बोल लावला नाही. लोक येऊन तिच्याजवळ बसायचे, आणि बोलायचे ते यंत्राबद्दल. पांढरं खोकं खोटं. आकडा खोटा. चौऱ्याऐंशीचा जर असा जातो, तर आमच्या आकड्यांत काय आहे? डॉक्टर मुजावर एकदा येऊन गेल्या. डोळे सुजलेले. “तीन वेळा यंत्र तपासलं, ताई. कुठंच चूक नाही. मला कळतच नाही,” एवढंच बोलल्या. त्या अकरावाल्या ओळखीतल्या माणसाचं त्यांना सुचलंही नाही. चुलीत बघावं तसं वैजयंता त्यांच्या चपलांकडे बघत बसली. चूकदुरुस्तीचा कागद कुठल्या खणात असतो, तो कुठल्या रंगाचा असतो, सगळं तिला ठाऊक होतं. तोंड उघडलं नाही. आता बोलून कुणासाठी बोलायचं, असं तिला वाटत होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी स्वराली आली, एकटीच. साधा पांढरा पोशाख. आत आली ती सरळ वैजयंताजवळ जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला.

“आई, मी येत जाईन अधूनमधून. चालेल ना? मला घरी बसवत नाही.”

वैजयंतानं मान हलवली. कोपऱ्यात जातं होतं, पाळीत अर्धवट दळलेली हळद तशीच.

“त्या दिवशी तुम्ही ओवी मध्येच थांबवलीत,” स्वराली म्हणाली. “तुम्हाला कळलं होतं का काही? आईला आतून कळतं म्हणतात.”

वैजयंतानं जात्यावरून नजर काढून घेतली.

“घरी तर निराळंच चाललंय. बाबांनी सुई सोडली. या महिन्याच्या सुईची बारा तारीख होऊन गेली. म्हणतात, चौऱ्याऐंशीवाला गेला तिथं माझ्या एकतिसाचा काय भरवसा, मला फसवलं यंत्रानं. गावातल्या आणखी सहा जणांनी सोडली त्यांचं बघून. तुम्ही सांगाल त्यांना? तुमचं ऐकतील.”

वैजयंतानं आपल्या हातातला तो हात बघितला. बोटावर साखरपुड्याची अंगठी अजून होती. हा हात आता जाणार, हे तिला कळत होतं. जगात ‘आई’ म्हणणारं हे एकच तोंड उरलं होतं.

“यंत्र खोटं नाही,” ती म्हणाली.

“मग प्रणीत…”

“चौऱ्याऐंशी माझे होते. त्याच्या नावाच्या नळीत मी माझं रक्त भरलं. त्याचे अकरा होते, स्वराली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लग्न मोडू नये म्हणून केलं. त्या आकड्यामुळंच त्याला सुईचं बोलावणं आलं नाही.”

बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. स्वरालीनं हात काढून घेतला नाही. तो आपोआपच सुटला, जसा झोपलेल्या माणसाचा सुटतो.

“आकडा बाबांनी विचारला होता,” ती फार हळू म्हणाली. “मी विचारला होता का? मला एकदा तरी विचारलंत?” तिनं बोटातली अंगठी फिरवली. “अकरा असते तरी मी बसले असते त्याच्या खाटेशी. सुई लागू पडेस्तोवर बसले असते. आठच दिवस होते ना? आठच दिवस, काकू?”

काकू.

ती उठली. दारात चप्पल घालताना दोनदा पाय चुकला. अंगणात पोचायच्या आत तिनं फोन कानाला लावला होता आणि तिचा आवाज फुटला होता. “बाबा, कुठं आहात? नाही, आत्ताच्या आत्ता केंद्रावर या. आत्ता. वाद घालू नका. यंत्र खरं आहे. हो, मी सांगते ना, यंत्र खरं आहे…” आवाज गल्लीत गेला, लांब गेला, संपला.

उद्या सकाळी केंद्रात जायचं होतं. तो कागद भरायचा होता, सगळ्यांदेखत सही करायची होती. मग जे करतील ते करोत. त्यानं आणखी सहा जण वाचतील, सात वाचतील. प्रणीत त्यांत नसेल.

वैजयंता जात्याशी जाऊन बसली. पाळीतली हळद मुठीत घेतली आणि पुन्हा सोडून दिली. सवयीनं तिची बोटं आपल्याच मनगटावर गेली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिनं मोजलं. मिनिटाला बहात्तर. एक चुकला नाही, एक अडखळला नाही. तीस वर्षं हे असंच चालणार होतं, आणि त्यातला एकही ठोका आता कुणाला लागणार नव्हता.